पार्श्वभूमी : बोटीच्या नावाचं कार्ड

पावसाळा सरला, मांडवीच्या तोंडावरची वाळूची पट्टी शांत झाली, की नोव्हेंबरापासून गोव्याच्या पाण्यात शिडाच्या बोटी पुन्हा दिसू लागतात. दोन बोटी जवळजवळ नांगरून पडल्या की डिंगी, म्हणजे छोटी होडी, पाण्यात उतरते, एकमेकांकडे चहा होतो आणि निघताना हातावर एक कार्ड येतं. आकाराने ते साधं व्हिजिटिंग कार्ड असतं, पण सगळ्यात ठळक अक्षरं बोटीच्या नावाची. खाली बोटीवरच्यांची नुसती पहिली नावं, मूळ बंदर, रेडिओची कॉल साइन (हाक मारायची ओळख-अक्षरं), नऊ आकडी एमएमएसआय (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक), ईमेल, फोन. घराचा पत्ता शोधूनही सापडत नाही.

आपल्याकडे वाडा आणि कपेल (छोटं प्रार्थनाघर) सांगितलं की घर सापडतं. वर्षभर बोटीवर राहणाऱ्यांना तशी खूण नसते. त्यांची ओळख बोटीवरून चालते, अगदी ‘तारिणीवाल्या’ म्हटलं की नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवरच्या कोण ते कळतं तशी. या कार्डावर जे जे छापलेलं असतं, ते एकेका जुन्या अडचणीतून आलेलं आहे.

सगळ्यात जुनी अडचण गोव्याच्याच वाटेवरची. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या ताफ्यातून पोर्तुगालला परतणाऱ्या पेरू द अताईद या कप्तानाने दक्षिण आफ्रिकेतल्या मोसेल बे इथे झाडापाशी एक पत्र ठेवलं. बुटात घालून ठेवलं होतं असं सांगतात. कालिकतला चकमक झाली आहे, सावध राहा, असा त्याचा मतलब. १५०१ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या ज्वांव द नोव्हाच्या जहाजांना ते सापडलं. पत्रावर नेमकं नाव असून उपयोग नव्हता, मागून कोण येणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. माणूस अनिश्चित, पण थांबण्याची जागा निश्चित. गोड्या पाण्यासाठी जहाजाला कुठे ना कुठे थांबावंच लागतं, आणि पत्रं तिथेच साठतात. आपल्या आग्वादचं नावसुद्धा जहाजांच्या पाणी भरण्यावरूनच पडलं. सतराव्या शतकात केपटाऊनच्या किनाऱ्यावर डच आणि इंग्रज खलाशी कोरलेल्या दगडांखाली पत्रं ठेवत. गॅलापागोसमधल्या फ्लोरियाना बेटावर देवमासे मारणाऱ्यांनी पिंप ठेवलं. आपल्या वाटेवरचं पत्र दिसलं तर उचलायचं आणि पोचवायचं, एवढाच त्याचा नियम.

दुसरी अडचण लांबून ओळख पटवण्याची. १८५७ च्या ब्रिटिश व्यापारी संकेतावलीत १८ निशाणं होती आणि प्रत्येक जहाजाला चार निशाणांचा स्वतःचा संच मिळे. स्वर वगळलेले, म्हणजे निशाणांतून भलतेसलते शब्द तयार व्हायला नकोत. किनाऱ्यावरच्या ठाण्याने ती चार निशाणं दुर्बिणीतून वाचली की अमुक जहाज अमुक दिवशी इथून गेलं, ही खबर मालकापर्यंत पोचे. कार्डावरची कॉल साइन हा त्याच चार निशाणांचा वंश. भारतीय नौकांचा एमएमएसआय ४१९ ने सुरू होतो, ऑस्ट्रेलियाचा ५०३ ने. कार्ड हातात आल्यावर जाणकार आधी हे तीन आकडे बघतो, कारण ध्वज फाटलेला किंवा गुंडाळून ठेवलेला असू शकतो.

हौसेने समुद्र ओलांडणाऱ्यांची गोष्ट खूप नंतरची. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि पुढच्या काळात त्या वाटेने छोट्या बोटी निघू लागल्या. त्यांची टपाल-व्यवस्था म्हणजे ‘पोस्त रेस्तांत’. पुढच्या बंदराच्या मुख्य टपाल कचेरीच्या नावे पत्र पाठवायचं, तिथे पासपोर्ट दाखवून ते उचलायचं. पणजीला ही कचेरी तंबाखूच्या व्यापाराच्या जुन्या इमारतीत आहे. यात पत्र हरवण्यापेक्षा चुकीच्या खणात पडण्याची भीती जास्त. कारकून आडनाव कोणतं ते ओळखणार कसं? मग पत्र पहिल्या नावाच्या अक्षराखाली जाई, कधी ‘मिस्टर’च्या ‘एम’खाली, कधी बोटीच्या नावाखाली. म्हणून आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून अधोरेखित करायचं, बोटीचं नाव वेगळ्या ओळीत टाकायचं, आणि उचलायला गेलं की तीन-चार खण बघायला सांगायचं, ही रीत पडली. हवा बिघडली, बोट त्या बंदरात गेलीच नाही, तर पत्र महिनोन्‌महिने मागे फिरत राही.

त्यावर तोडगा निघाला तो ठरलेल्या अड्ड्यांचा. अझोर्स बेटांवरच्या होर्ता बंदरात १९१८ पासून चालणाऱ्या कॅफे स्पोर्टने खलाशांची पत्रं सांभाळली, आणि तिथल्या धक्क्याच्या भिंतीवर बोटींनी आपली नावं-चित्रं रंगवली. ही भिंत म्हणजे उघड्यावर मांडलेला कार्डांचा अल्बमच. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन, १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये ओशन क्रूझिंग क्लब निघाला. सभासदांची पत्रं छापून वाटणारी पत्रिका असली की एकच पत्र शंभर ठिकाणी जाई.

मग रेडिओ. मुंबईत बांधलेल्या सागवानी ‘सुहैली’वर १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन न थांबता एकट्याने जगाला वळसा घालत होते. वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला आणि कित्येक महिने ते जिवंत आहेत की नाहीत हे कुणाला कळलं नाही. पुढच्या दशकांत ठरावीक वेळी, ठरावीक फ्रिक्वेन्सीवर हजेरी घेणारी ‘नेट्स’ रुजली, हॅमवाल्यांची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, १४.३०० मेगाहर्ट्झ ही त्यातली सर्वांत परिचित. हजेरीत बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, वारा, वेग एवढंच. हॅम मंडळी बोलणं झालं की क्यूएसएल नावाचं पोस्टकार्ड एकमेकांना पाठवत, त्यावर कॉल साइन ठळक आणि तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी हाताने भरलेली. आमच्या मते बोटीच्या कार्डाचा खरा बाप हाच. व्हिजिटिंग कार्डाकडून त्याने घेतला तो फक्त आकार. क्यूएसएलची ती हाताने भरायची बाजू बोटीच्या कार्डावरही उतरली, आणि तीच बाजू आज लोक वाया घालवतात.

त्यासाठी कार्ड छापून घेताना थोडं थांबून विचार करायला हवा. आपल्याकडे चालणारं माप ३.५ × २ इंच. ३०० ते ३५० जीएसएमचा कागद, कापताना कडा पांढरी राहू नये म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त चित्र, फोटो ३०० डीपीआयचा. फोटो बाजूने घेतलेला हवा, शिडं वर असलेला. समोरून सगळ्या पांढऱ्या बोटी सारख्याच दिसतात. पुढची बाजू हवी तर लॅमिनेट करा, मागची मात्र कोरी आणि मॅट ठेवा. चकचकीत लॅमिनेशनवर बॉलपेनची शाई सुकत नाही, अंगठा लागला की पसरते. घरच्या इंकजेटवर छापलेलं कार्ड ओल्या खिशात एका डिंगी-फेरीत फिसकटतं. डिजिटल प्रेसचा टोनर पाण्याला दाद देत नाही. पण हाच टोनर पीव्हीसीच्या खिशाला चिकटतो. गोव्याच्या पावसाळ्यात बंद बोटीत अल्बम राहिला तर ऑक्टोबरात पान उघडताना अर्धं नाव प्लॅस्टिकबरोबर निघून येतं. पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्यावेत, नाहीतर सरळ हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कार्डं ठेवावीत.

पणजी-म्हापशाकडच्या डिजिटल प्रेसमध्ये १३ × १९ इंचांच्या तावावर २४ कार्डं बसतात. चार-पाच ताव एका हंगामाला पुष्कळ झाले. ऑफसेटवर हजार घेतली की दर उतरतो खरा, पण ती संपण्याआधी फोन नंबर बदलतो आणि उरलेली खाडाखोड करून वाटावी लागतात.

मागच्या बाजूवर तिथल्या तिथे लिहायचं : तारीख, जागा, काय बोलणं झालं, काय दिलं-घेतलं. ‘१२ फेब्रुवारी, आग्वादच्या आत, इम्पेलर (इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं चक्र) दिला, पुढे सेशेल्स.’ महिना अक्षरांत लिहायचा, कारण ४/५ म्हणजे आपल्याला चार मे आणि अमेरिकन माणसाला पाच एप्रिल. सहा महिन्यांनी पन्नास कार्डं समोर मांडली की चेहरे आठवत नाहीत. इम्पेलर मात्र आठवतो.

क्यूआर कोड टाकायचा तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि त्यात नाव, फोन, ईमेल एवढंच भरा. मजकूर वाढला की ठिपके इतके बारीक होतात की हलत्या बोटीत कॅमेरा पकडत नाही. काही सेवा कोड आपल्या संकेतस्थळावरून वळवतात. वर्गणी थांबली की कार्डावरचा कोड मेला.

आणि नाव कसं उच्चारायचं तेही छापावं. दिवाडी बेटावरच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या ५६ फुटी नौकेला मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव मिळालं, ‘म्हादई’. याच नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करून आले. आपल्याला गोड वाटणारं हे नाव रेडिओवर परक्याच्या कानाला पकडता येत नाही. रोमन अक्षरांत ‘एम’च्या शेजारी ‘एच’ बघून तो अडखळतोच. तिथे माइक-होटेल-अल्फा-डेल्टा-एको-इंडिया असं फोडून सांगावं लागतं. मराठी नाव ठेवा जरूर, पण कार्डावर त्याखाली ही ओळ असू द्या. डोलकाठीच्या टोकाला १६ मीटरवर अँटेना असलेल्या दोन बोटी व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर साधारण १८ सागरी मैलांपर्यंत एकमेकींना ऐकतात, कॉकपिटमधल्या हातातल्या सेटवरून त्याच्या दोन तृतीयांशच. कडेला खरखर वाढते आणि एक अक्षर गेलं की नाव गेलं. हाक चॅनल १६ वर मारायची, समोरच्याचं नाव तीनदा, मग आपलं. ओ आली की लगेच ७२ किंवा ७७ वर जायचं. सोळावर गप्पा मारत बसलं की ऐकणारे सगळेच वैतागतात.

आता एआयएस या बोटींची ओळख आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर शेजारच्या बोटीचं नाव आपोआप पडद्यावर येतं, त्यामुळे कार्डाची गरज काय, असं वाटू शकतं. एआयएस बोटीचं नाव सांगतो, माणसाचं नाही. शिवाय त्यातली माहिती कुणीतरी एकदा भरलेली असते. बोट विकली, नाव बदललं, तरी जुनंच नाव पडद्यावर फिरत राहतं.

फोनचा घोळ याहून मोठा. दर देशात नवं सिम घेतलं जातं आणि कार्डावर हाताने लिहिलेला नंबर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होतो. म्हणून छापायचा तो घरचा एकच नंबर, +९१ सह आणि सुरुवातीच्या शून्याशिवाय, आणि व्हॉट्सअॅप त्यावरच ठेवायचं. भारतीय प्रीपेड नंबर ९० दिवस काहीच वापर नसला तर बंद होऊ शकतो आणि कालांतराने दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं तर पुसलं जातं. नौदलाच्या अभिलाष टॉमी यांची न थांबता केलेली प्रदक्षिणा १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ अशी पाच महिन्यांची होती. म्हणजे दोन्ही मुदती ओलांडून पुढे. लांबच्या सफरीला निघण्याआधी वर्षाचं रिचार्ज करावं आणि ते सिम घरच्या माणसाच्या जुन्या फोनमध्ये चालू ठेवून जावं. बँकेचा ओटीपीही त्यावरच येतो.

उपग्रहाच्या बाबतीत मात्र गोव्यात येणाऱ्याला आणि इथून निघणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत हवी. थुराया आणि इरिडियमचे फोन, तसंच खिशात मावणारी उपग्रह-संदेश यंत्रं, परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर यावर नजर फार कडक झाली, आणि अशा यंत्रामुळे परदेशी प्रवाशांवर गोव्याच्या विमानतळावरही कारवाई झाली आहे. बोटीवर असेल तर मुरगावला कस्टम्सकडे आपणहून लिहून द्यायचं, सीलबंद करायला सांगितलं तर करायचं, आणि इथल्या पाण्यात असेपर्यंत कार्डावरच्या उपग्रह-फोनच्या नंबराखाली ‘भारतात बंद’ असं लिहून द्यायचं. नाहीतर घरची माणसं आठवडाभर त्याच नंबरावर फोन लावत बसतात.

सोमाली चाच्यांच्या काळात रेडिओच्या हजेरीलाही ग्रहण लागलं. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबईहून ओमानमधल्या सलालाकडे निघालेली ‘क्वेस्ट’ ही बोट पकडली गेली आणि तिच्यावरच्या चौघांचा बळी गेला. उघड रेडिओवर आपली जागा सांगणं म्हणजे चाच्यांनाही ती सांगणं. त्या वर्षांत हिंदी महासागरातून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या बोटी एकदम घटल्या आणि गोव्यात थांबणाऱ्याही.

२ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा याच गोव्यातून ‘तारिणी’वर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. नौदलाच्या बोटीमागे किनाऱ्यावर सतत जागं असलेलं पथक असतं. खासगी बोटीला ते पथक स्वतः उभं करावं लागतं, आणि ते कागदावर कुठे नोंदलेलं असतं तर ईपर्बच्या नोंदणीत. ४०६ मेगाहर्ट्झच्या या संकटसूचक यंत्राचा इशारा भारतीय नौकेच्या बाबतीत बंगळुरूच्या केंद्राकडे येतो. नोंदीत जे फोन नंबर असतात, ते आधी लागतात : बोट खरंच समुद्रात आहे का, किती जण आहेत, शेवटचा निरोप कधी आला. विकलेल्या बोटीचं यंत्र जुन्या मालकाच्या नावावरच राहिलं तर फोन जातो पुण्यातल्या घरी, आणि पलीकडून उत्तर येतं की आमची बोट आता नाही. किनाऱ्यावरचे दोन नंबर द्यावेत, दोन वेगळ्या घरांतले, त्यातला एक रात्री उचलणारा. त्या दोघांकडे बोटीचं कार्ड असावं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर निघण्याची तारीख, पुढचं बंदर, बोटीवर किती जण, आणि तटरक्षक दलाचा १५५४.