तेल महागलं की दिरहॅम वाढतो? नाही हो

दुबईत नाहीतर सौदीत घरचं माणूस असलेल्या कुणालाही विचारा, कच्चं तेल महागलं की दिरहॅम-रियाल वर जातात असंच सांगतील. ते चूक आहे. रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 वर बांधलाय, म्हणजे एका डॉलरला 3.75 रियाल हा दर तिथल्या सरकारने पक्का ठेवलाय, दिरहॅम 1997 पासून 3.6725 वर. त्यानंतर तेल 10 डॉलरपर्यंत पडलं, 147 पर्यंत चढलं, हे दर तिथेच. खाली जातो तो आपला रुपया, कारण 80 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो आणि त्याचं बिल डॉलरमध्ये भरतो.

तेलाचा भाव चलनात कसा उतरतो ते बघायचं तर रशिया बघा. तिथल्या तेल कंपन्यांना पैसे मिळतात डॉलरमध्ये पण टॅक्स आणि पगार द्यायचे रुबलमध्ये, म्हणजे डॉलर विकून रुबल घ्यावेच लागतात, तेल पडलं की विकायला डॉलरच कमी येतात आणि रुबलला गिऱ्हाईक उरत नाही. जून 2014 मध्ये बॅरल 110 डॉलरच्या पुढे होतं, जानेवारी 2015 मध्ये 50 च्या आसपास. त्यात निर्बंधही होते. 15 डिसेंबर 2014 च्या रात्री रशियाच्या सेंट्रल बँकेने व्याजदर 10.5 वरून थेट 17 टक्के केला, तरी दुसऱ्या दिवशी डॉलर 80 रुबलपर्यंत गेला.

आता हा हिशोब करून बघा, मला हाच सगळ्यात आवडतो. जून 2014 मध्ये डॉलर साधारण 34 रुबलला होता, जानेवारी 2015 मध्ये 65 च्या आसपास. 110 डॉलर गुणिले 34 रुबल म्हणजे बॅरलमागे 3740 रुबल, 50 गुणिले 65 म्हणजे 3250. डॉलरमध्ये भाव निम्म्याहून खाली आला पण बॅरलमागे हातात येणारे रुबल साधारण 13 टक्केच घटले! किंमत मोजली सामान्य लोकांनी, 2015 मध्ये महागाई 15 टक्क्यांच्या वर गेली.

सौदीत दर हलत नाही, त्यामुळे तेल पडलं की रियालमधलं उत्पन्नही तेवढंच पडतं आणि खड्डा भरायचा परकीय गंगाजळीतून. 2014 मध्ये ती 700 अब्ज डॉलरच्या वर होती, 2017 पर्यंत 500 अब्जांच्या आसपास आली.

एवढी गंगाजळी नसलेल्यांना दर धरून ठेवणं जमत नाही. कझाकस्तानने 20 ऑगस्ट 2015 ला आपलं चलन तेंगे मोकळं सोडलं, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला, आणि एका दिवसात डॉलर 188 वरून 255 तेंगेवर गेला.