कुमारवय कुणाच्या वाट्याला आलं?

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लासच्या पाट्यांखाली पालकांची गर्दी होते. "काय व्हायचं ठरवलंयस?" हा प्रश्न तिथे सोळा वर्षांच्या पोराला कुणीही विचारतं. शंभर वर्षांपूर्वी तो फार थोड्यांना विचारला जाई. मुलाचा धंदा बापाचाच, आणि मुलगी तर परकरातून थेट लुगड्यात जायची. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं, १९७८मध्ये ते १८ झालं. मधली ही चार वर्षं मला फार मोलाची वाटतात.

अभ्यासाचा विषय म्हणून हे वय तसं नवंच. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनले हॉल यांनी १९०४ साली त्यावर दोन खंड लिहिले आणि त्याला वादळाचा काळ म्हटलं. वादळ सगळीकडे येतंच असं नाही, असं सामोआ बेटावरच्या मुलींचा अभ्यास करून मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९२८मध्ये मांडलं.

'मी कोण' हा प्रश्न या वयाच्या केंद्रस्थानी आणला तो मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी, १९५०च्या सुमारास. प्रश्न त्यांचा स्वतःचाही होता. जन्मदाता कोण हे त्यांना कधीच कळलं नाही. ज्यू घरात वाढलेला हा सोनेरी केसांचा मुलगा प्रार्थनास्थळात परका ठरे, आणि शाळेत ज्यू म्हणून चिडवला जाई. सावत्र वडिलांचं आडनाव मागे टाकून 'एरिक्सन' हे नाव त्यांनी पुढे अमेरिकेत स्वतःच घेतलं. कायमचं बांधून घेण्याआधी चाचपून पाहायला समाज तरुणांना एक मुदत देतो, हे त्यांचं म्हणणं. १९६६मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी त्यात भर घातली: काही मुलं काहीच न चाचपता घरच्यांनी ठरवलेलं आपलं मानून मोकळी होतात. असं मूल वरून शांत दिसतं, म्हणून त्याची काळजी कुणाला वाटत नाही. मला तीच जास्त वाटते.

ही मुदत नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना मिळू लागली ती शाळा आणि बोर्डिंगांमुळे. मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेची सुरुवात १९१४ची. गावापासून, बैलांच्या मागे चालण्यापासून काही वर्षं दूर राहायला मिळणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

त्याच काळात पिंपळगाव बसवंतला एक मुलगा वाढत होता. जन्मनाव गजानन रंगनाथ, काकांना दत्तक गेल्यावर विष्णू वामन शिरवाडकर. १९३२ साली, विशीत, तो काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात उतरला. पहिली दोन्ही नावं मोठ्यांनी ठेवलेली. तिसरं त्याने धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून स्वतः घेतलं: कुसुमाग्रज.