वळीव पडतो एका शिवारात, मोजतात दुसरीकडंच

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला पूर्वेकडं आभाळ काळंनिळं झालं की बेळगावच्या आसपास वीटभट्टीवाल्यांची पळापळ सुरू होते, ताडपत्र्या काढा, कच्च्या विटा झाका, आणि त्याच वेळी येळ्ळूरचा भातवाला म्हणत असतो पडू दे बाबा एकदाचा, मशागत तरी होईल, धूळवाफ पेरणी जवळ आली. एकच पाऊस, एकाचं नुकसान आणि दुसऱ्याची सोय. पण या वळवानं मागच्या शंभर वर्षांत आपल्याकडं काय काय पाडलं हे शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला मलप्रभा-घटप्रभेचा पूर सगळ्यांना आठवतो, त्याचे फोटो आहेत, आकडे आहेत. वळवाचं मात्र पेपरात "अमुक गावात पत्रे उडाले" एवढंच, आणि चार दिवसांनी तेही विसरायचं.

नोंदी ठेवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही हं. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावर १८३५ मध्ये मोठा निबंध छापला, मग मुंबईचे जॉर्ज बुइस्ट यांनी १८५१ ते १८५५ या काळात हिंदुस्थानात झालेल्या मोठ्या गारपिटी एकत्र केल्या. पण जिथं छावणी, जिथं लिहिणारा साहेब, तिथलीच गारपीट कागदावर येणार ना! अथणीच्या रानात पडलेल्या गारा कोण लिहिणार? १८७५ मध्ये हवामान खातं आलं, नियमित मोजणी सुरू झाली, तरी अडचण तीच राहिली, कारण पर्जन्यमापक लांब लांब आणि वळवाचा ढग मोजून पाच-दहा किलोमीटर रुंदीचा. तो दोन मापकांच्या मधून सरळ निघून जातो आणि रजिस्टरमध्ये त्या दिवशी शून्य.

आता आपल्याच भागात हा एवढा जोर का करतो ते बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, घाटमाथ्याला लागून. पश्चिमेला खानापूर-कणकुंबीची झाडी, पूर्वेला अथणी-रायबागचं उघडं रान, जिथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दुपारनंतर अरबी समुद्रावरची ओली हवा घाट चढून वर येते आणि पूर्वेच्या कोरड्या तापलेल्या हवेला भिडते, हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये विदर्भापासून खाली केरळपर्यंत जो कमी दाबाचा पट्टा सारखा सांगतात तो बऱ्याचदा याच भागावरून गेलेला असतो. ओली हवा वर फेकली गेली की तास-दीड तासात ढग १२-१५ किलोमीटर उंच होतो. मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो, वळीव मात्र बऱ्याचदा पूर्वेकडून, हे म्हाताऱ्या माणसांना रडारशिवाय माहीत होतं.

खरं नुकसान पावसानं कमी आणि वाऱ्यानं जास्त होतं. ढगातून पडणारं पाणी वाटेतल्या कोरड्या हवेत सुकत येतं, त्यामुळे ती हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन खाली येऊन जमिनीवर चौफेर पसरते. पावसाआधी जो गार वारा आणि धुळीचा लोट येतो तो हाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ढोबळ हिशेब करायचा तर ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास, म्हणजे दहा बाय तीन फुटी एका पत्र्यावर ८० किलोच्या वर. पत्रा स्वतः किती किलोचा असतो? त्यावर ठेवलेले चार दगड काय धरून ठेवणार, उलट तेच दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात पडतात. पत्रा आढ्याला हुकानं आवळलेला असेल तरच टिकतो.

गारांचं गणित वेगळं. मे महिन्यात गोठणबिंदू साडेचार-पाच किलोमीटर वर असतो, त्यामुळे बारीक गारा येता येता वितळतात, जमिनीवर गार पोचली म्हणजे वर ती चांगली मोठी होती असं समजायचं. कोकणापेक्षा आपण उंचावर, म्हणून वितळायला अंतर कमी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जी गारपीट झाली त्यात द्राक्षवाल्यांचं काय झालं ते अथणीकडच्या बागायतदारांना विचारा.

आणि वीज. देशात २०२२ मध्ये विजेनं २,८८७ माणसं गेली, ही नुसती पोलिसांकडं नोंद झालेली. झाडाखाली बांधलेली म्हैस मरते आणि शेजारचा माणूस कधी कधी वाचतो, कारण वीज जमिनीत पसरताना म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्यांच्यात विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) फरक जास्त, करंट थेट छातीतून जातो. चमक आणि गडगडाट यात तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर शिवारात थांबूच नका, पक्क्या घरात जा.

भरपाईच्या कागदातसुद्धा गंमत आहे. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, ढगफुटी आहे, पण वादळी वारा आणि वीज बरीच वर्षं नव्हती, राज्यांनी ती आपल्या अधिकारात घ्यायची. मग नुकसानीची आकडेवारी सारखी कशी राहील? पंचनाम्यात रकानाच नसेल तर इतिहासात ओळ कुठून येणार.

आता जरा बरं चाललंय. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पातळीवर आपोआप मोजणारे सहा हजारांहून जास्त पर्जन्यमापक बसलेत, पणजीचं डॉप्लर रडार आपल्यापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास, मध्ये सह्याद्री येतो म्हणून ढगाचा खालचा भाग त्याला नीट दिसत नाही ते सोडा. विजेचा इशारा द्यायला पुण्याचं दामिनी आणि कर्नाटकचं सिडिलु ही ॲप आहेत.

पण वाऱ्याची नोंद अजून पडलेल्या झाडांकडंच आहे. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला विमान पडलं तेव्हा फुजिता नावाच्या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञानं याच खाली कोसळणाऱ्या हवेवर बोट ठेवलं, आणि त्याची कल्पना त्याला आधी जंगलात एका बिंदूपासून चारी बाजूंना आडवी झालेली झाडं बघून आली होती. म्हणून टिळकवाडीत किंवा कॅम्पात गुलमोहर आडवे झाले की करवतवाले यायच्या आधी फोटो काढा, शेंडा कुठल्या दिशेला पडलाय, किती वाजले होते, एवढं लिहून ठेवा. सगळी झाडं एकाच बाजूला पडली तर ढगापुढं धावणारा सरळ वारा, बाहेरच्या बाजूला फाकली तर वरून कोसळलेला.