स्लोचा स्क्रू पिळण्याआधी

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण 9 हजार लिटर हवा लागते. वजनात मोजायचं तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग. 1969 सालच्या शेव्हरोले कॅमॅरो झेड/28 मध्ये हा हिशेब सांभाळायला संगणक नव्हता आणि सेन्सरही नव्हते. इंजिनाच्या डोक्यावर होली कंपनीचा चार तोंडांचा कार्बोरेटर होता. त्यात पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं), फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा), काही झडपा आणि स्प्रिंगा, एवढंच. हवेच्या दाबातल्या फरकावर हे सगळं यंत्र चालतं. त्यामुळे त्याचं ट्यूनिंग करायला बसताना स्क्रूड्रायव्हरच्या आधी व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारं मीटर, हातात घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

तत्त्व जुनं आहे. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की दाब घटतो, हे डॅनिएल बर्नूलीने 1738 मध्ये मांडलं. कार्बोरेटरचा गळा मुद्दाम अरुंद केलेला असतो. तिथे हवा वेगाने धावते, दाब पडतो आणि फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलवर असलेला बाहेरच्या हवेचा दाब ते पेट्रोल जेटमधून गळ्यात ढकलतो. पण इंजिन स्लोवर, म्हणजे एक्सलरेटर न दाबता, चालू असताना गळ्यातून इतकी कमी हवा जाते की हा परिणाम जवळपास उरतच नाही. म्हणून स्लोसाठी वेगळी वाट ठेवलेली असते. तिचं तोंड थ्रॉटलच्या बटरफ्लायखाली, म्हणजे एक्सलरेटरने फिरणाऱ्या चकतीसारख्या झडपेखाली, उघडतं, कारण तिथे इंजिनाचा व्हॅक्यूम जोरदार असतो.

कार्बोरेटर उलटा करून खालून पाहिलं तर बटरफ्लायच्या कडेशी भिंतीत एक उभी फट दिसते. ही ट्रान्सफर स्लॉट. एक्सलरेटर हलका दाबला की बटरफ्लाय किंचित उघडतो, फट हळूहळू व्हॅक्यूमखाली येते आणि मुख्य जेट कामाला लागेपर्यंतचं पेट्रोल तीच पुरवते. स्लोवर ही फट बटरफ्लायखाली चिमूटभरच, जेमतेम चौकोनी दिसेल एवढी, उघडी असावी. माझ्या मते जुन्या मसल कारच्या, म्हणजे कॅमॅरोसारख्या दणकट इंजिनाच्या अमेरिकी गाड्यांच्या, निम्म्या तक्रारी या चौकोनापाशी येऊन थांबतात.

त्या कशा, ते पाहा. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडलेलं असतं, किंवा ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट बिघडलेली असते. ठिणगी उशिरा पडते, इंजिनाचा जोर कमी होतो आणि गाडी स्लोवर बंद पडायला लागते. मग कोणीतरी स्लोचा स्क्रू, म्हणजे बटरफ्लाय किती उघडा राहील ते ठरवणारा स्क्रू, पिळतो. आपल्याकडे 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम येईपर्यंत दुचाकींना सर्रास कार्बोरेटर असायचा, त्यामुळे ‘जरा स्लो वाढवून द्या’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू यायचं. स्लो वाढतो, गाडी बंद पडायची थांबते आणि दुखणं झाकलं जातं. पण बटरफ्लाय आता जास्त उघडा राहिला आणि ट्रान्सफर स्लॉट अर्धी उघडी पडली. पेट्रोल तिथूनच सुटायला लागलं, त्यामुळे मिक्श्चरचे, म्हणजे स्लोवर पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारे, स्क्रू कितीही फिरवले तरी इंजिन दाद देत नाही. शिवाय एक्सलरेटर दाबताच लागणारं पेट्रोल ज्या फटीतून मिळायचं, ती आधीच वापरून झालेली असते. मग पिकअपला झटका बसतो आणि कार्बोरेटर खराब म्हणून बदलला जातो. टायमिंग मात्र होतं तिथेच राहतं.

म्हणून आधी ठिणगी, मग हवा. इंजिन कुठून ‘हवा घेतंय’ का, हे बघायला कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइप तपासावेत. जुनं रबर बाहेरून धड दिसतं आणि वाकवलं की चिरतं. सरसकट वापरातलं निरोगी व्ही-8 इंजिन स्लोवर पाऱ्याचे 17 ते 21 इंच व्हॅक्यूम दाखवतं. झेड/28 सारख्या तापट कॅमशाफ्टच्या (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणाऱ्या दांड्याच्या) इंजिनात तो बराच कमी असतो. तिथे काटा थोडा थरथरणं हा दोष नसतो, कॅमचा तो स्वभावच आहे.

यानंतर फ्लोट. अनेक होली कार्बोरेटरच्या वाटीला बाजूने एक छोटा प्लग असतो. गाडी सपाट जागी, इंजिन स्लोवर चालू ठेवून तो काढायचा. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावं. गाडी हाताने हलवली तर थेंबभर बाहेर यावं, पण वाहू नये. वाहिलं तर पातळी जास्त आहे, किंवा वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या निडलमध्ये कचरा अडकलाय. गरम इंजिनाजवळ उघडं पेट्रोल असतं, तेव्हा फडकं आणि अग्निशामक हाताशी असल्याशिवाय हा प्लग काढू नये.

आता मिक्श्चरचे स्क्रू. अलगद टेकेपर्यंत आत घ्यायचे. जोर लावला तर टोकाला कायमचा वळ पडतो. मग दीड फेरा बाहेर, आणि तिथून दोन्ही बाजू आळीपाळीने पाव फेरा करत व्हॅक्यूम सर्वांत जास्त येईल तिथे ठेवायचे.

एवढं करूनही पाय दाबताच इंजिन अडखळत असेल तर एक्सलरेटर पंप बघावा. पेट्रोल हवेपेक्षा साधारण 600 पट जड. बटरफ्लाय झटकन उघडला की हवा लगेच आत धावते, पेट्रोल मागे राहतं. त्यातच व्हॅक्यूम एकदम पडल्यामुळे वाफ झालेलं पेट्रोल मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींवर चिकटतं. ही तूट पंप पिचकारी मारून भरतो. इंजिन बंद करून वरून पाहत लिंकेज हलवलं, तर त्याच क्षणी धार दिसायला हवी. अडखळताना कार्बोरेटरमधून उलटा फटका येत असेल तर धार अपुरी आहे. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर ती जास्त आहे.

आता अमेरिकेत बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने हवेचं प्रमाण 14.7 वरून 14.1 च्या आसपास उतरतं. साठच्या दशकात बसवलेले जेट या पेट्रोलवर थोडे कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी देणारे, पडतात, आणि एखाद-दोन नंबर मोठा जेट घालणं योग्य ठरतं.

राहिली मागची दोन तोंडं. झेड/28 चं इंजिन 302 घनइंचांचं, म्हणजे पाच लिटरच्या आतलं, कारण ट्रान्स-अॅम शर्यतीची मर्यादा तेवढी होती. 7,000 फेऱ्यांना ते मिनिटाला जास्तीत जास्त 612 घनफूट हवा घेऊ शकतं. कार्बोरेटर मात्र 780 घनफुटांचा. तरीही इंजिन अडखळत नाही, कारण मागची तोंडं पायाने उघडत नाहीत. गळ्यातला व्हॅक्यूम एक डायफ्रॅम ओढतो आणि इंजिनाला हवी तेवढीच ती उघडतात. त्यावरच्या स्प्रिंगा रंगाने ओळखतात. पांढरी सर्वांत मऊ, काळी सर्वांत कडक. मागची तोंडं प्रत्यक्षात किती उघडतात हे कळायला डायफ्रॅमच्या दांडीला वरच्या टोकाशी कागदाची साधी क्लिप लावायची, मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण एक्सलरेटर द्यायचा आणि परत येऊन क्लिप किती खाली सरकली ते बघायचं. जागची हललीच नसेल, तर एक पायरी मऊ स्प्रिंग घालून पुन्हा रस्त्यावर जायचं.