रूळ जोडलेले, गाड्या अडलेल्या

१२ ऑगस्ट २०१७. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, राश्टाट गावाजवळ, रेल्वेचे रूळ खचले. खाली नव्या बोगद्याचं खोदकाम चालू होतं. माती ढासळू नये म्हणून ती गोठवून टणक केली होती, तरी ती सरकली आणि वरचे रूळ वाकून खाली बसले. गाड्या वेळेत थांबवल्या, कुणाला इजा झाली नाही. खोदणारं यंत्र मात्र होतं तिथेच काँक्रीटमध्ये पुरावं लागलं आणि मार्ग पुन्हा सुरू व्हायला २ ऑक्टोबर उजाडला.

हा मार्ग युरोपच्या मालवाहतुकीची धोरी नस आहे. उत्तरेला रॉटरडॅम आणि अँटवर्पची बंदरं, दक्षिणेला आल्प्स ओलांडून मिलान आणि जेनोआ, आणि मधला बराचसा माल ऱ्हाइन नदीच्या काठाने याच दोन रुळांवरून धावतो. रोज दीडशेहून जास्त मालगाड्या. त्या सगळ्या सात आठवडे खोळंबल्या.

या घटनेतली एक गोष्ट मला फार लागते. नदीच्या पलीकडच्या काठावर, फ्रान्समध्ये, रूळ होते. रुंदी तीच, १४३५ मिलिमीटर. नदीवर पूलही होते. पण त्या रुळांवर गाडी न्यायची तर चालकाला फ्रेंच यायला हवं आणि तो मार्ग त्याच्या ओळखीचा हवा. इंजिनाला फ्रेंच सिग्नलयंत्रणा कळायला हवी. वळणमार्गाच्या काही भागावर विजेच्या ताराच नव्हत्या, म्हणजे तिथे डिझेल इंजिन हवं. हे सगळं जुळून येईल अशी माणसं आणि इंजिनं मोजकीच होती. मग थोडा माल ट्रकवर चढला, थोडा नदीतल्या बार्जवर, आणि बाकीचा जागच्या जागी उभा राहिला.

युरोपियन युनियनच्या हरितगृह वायूंपैकी साधारण चौथा हिस्सा वाहतुकीतून येतो आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश एकट्या रस्त्यांवरून. १९९० पासून वीजनिर्मितीचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन बरंच उतरलं. वाहतुकीचं उलट वाढलं. २०५० पर्यंत ते ९० टक्क्यांनी कमी करायचं, असं युनियनने २०१९ च्या हरित करारात ठरवलंय. यावर बोलताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नव्या वेगवान गाड्या आणि बॅटऱ्या येतात. त्या लागतीलच. पण मला विचाराल तर या खंडाचं खरं दुखणं सांध्यांत आहे. एका देशाची व्यवस्था संपून दुसऱ्याची सुरू होते, तिथे सगळं अडतं.

मुळात रेल्वे स्वच्छ का, इथून सुरुवात करू. पोलादी चाक आणि पोलादी रूळ दोन्ही टणक. एकमेकांवर टेकले की स्पर्श होतो तो साधारण नखाएवढ्या जागेत, आणि चाक फिरताना जवळजवळ काहीच दबत नाही. रबरी टायर मात्र प्रत्येक फेरीत खाली चपटा होतो, वर आला की पुन्हा फुगतो, आणि त्यात ऊर्जेची उष्णता होऊन जाते. एक टन ओझं सपाट रुळावर सरकतं ठेवायला एक-दोन किलो वजनाच्या रेट्याइतका जोर पुरतो. रस्त्यावर ट्रकला त्याच्या कितीतरी पट लागतो. शिवाय डबे एकामागे एक असल्याने हवा कापायचं काम मुख्यतः पुढच्या इंजिनालाच पडतं, आणि वीज वरच्या तारेतून येत असल्याने जड बॅटरी वाहून न्यावी लागत नाही.

पण जो गुळगुळीतपणा ऊर्जा वाचवतो, तोच ब्रेक लावताना आड येतो. पोलादावर पोलाद घसरतं. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या भरल्या मालगाडीला थांबायला सुमारे एक किलोमीटर लागू शकतो. म्हणजे चालकाला समोर अडथळा दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. रस्त्यावर आपण डोळ्यांच्या भरवशावर गाडी चालवतो, रुळावर ते जमत नाही. पुढचा पट्टा मोकळा आहे की नाही, हे आधी दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं, आणि चालकाने ते ऐकलं नाही तर गाडीने आपण होऊन ब्रेक लावावा लागतो. ही सांगण्याची रीत प्रत्येक देशाने आपापली घडवली. अपघातांतून शिकत, आपापल्या कारखान्यांत, दीडशे वर्षं. परिणाम असा की युरोपात गाडीवर लक्ष ठेवणाऱ्या वीसहून अधिक वेगवेगळ्या यंत्रणा झाल्या. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन जोडणाऱ्या थॅलिस गाड्यांमध्ये अशा सात यंत्रणा बसवाव्या लागल्या होत्या. चार देश, एक गाडी आणि तिच्यात सात भाषांतरकार.

यावरचा उपाय म्हणजे ईटीसीएस ही एकच युरोपीय यंत्रणा. तिचा सगळ्यात साधा आणि मला अतिशय आवडणारा भाग म्हणजे रुळांच्या मधोमध स्लीपरवर बसवलेली पिवळी चपटी पेटी, बालीज. तिला बॅटरी नसते. गाडीच्या पोटाखालचा अँटेना वरून जाता जाता रेडिओलहरींतून तिला क्षणभर ऊर्जा देतो, तेवढ्यावर ती जागी होते, आपण कुठे आहोत आणि पुढे काय आहे ते सांगून टाकते, आणि गाडी गेली की पुन्हा गप्प. जर्मनीत असो वा इटलीत, ती बोलते एकाच भाषेत. लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशाने आपलं अख्खं जाळं यावर आणलंय. मोठ्या देशांत काम रेंगाळलंय, आणि त्याचं कारण तंत्रज्ञान नाही. रुळावरचा खर्च एकाने करायचा, इंजिनातला दुसऱ्याने, आणि दोन्ही बाजू पूर्ण होईपर्यंत फायदा कुणालाच नाही. शिवाय तोवर जुनी यंत्रणाही चालू ठेवायची. म्हणून प्रत्येक जण समोरच्याची वाट बघतो.

विजेचंही तसंच. फ्रान्सच्या उत्तर भागात तारेत २५ हजार व्होल्ट, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी १५०० व्होल्ट, इटली आणि पोलंडमध्ये ३ हजार, तर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये १५ हजार, तेही १६.७ हर्ट्झवर. घराघरांत ५० हर्ट्झ असताना रेल्वेला हा विचित्र आकडा का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटरींमध्ये फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे ब्रश घासायचे. वीज जितक्या वेगाने दिशा बदलेल, तितक्या तिथे ठिणग्या जास्त, आणि ५० हर्ट्झवर पट्ट्या जळून जायच्या. म्हणून अभियंत्यांनी वारंवारता तिसऱ्या हिश्श्यावर आणली. आजच्या मोटरींना त्या ब्रशची गरजच उरलेली नाही, पण तारा, उपकेंद्रं आणि जर्मन रेल्वेच्या स्वतंत्र वीजवाहिन्या अजून त्याच आकड्यावर चालतात. आजचं बहुप्रणाली इंजिन हे सगळे व्होल्टेज चालवून घेतं. फक्त महाग पडतं.

रुळांची रुंदी हा सांधा जास्त प्रसिद्ध आहे, आणि तिथे काम चाललेलं दिसतंही. स्पेनने १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिल वेगवान मार्ग आपल्या जुन्या १६६८ मिलिमीटर रुंदीऐवजी १४३५ वर बांधला. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियात जुने रूळ १५२० च्या मापाचे आहेत. तिथे टॅलिनपासून पोलंडच्या सीमेपर्यंत रेल बाल्टिका हा ८७० किलोमीटरचा नवा मार्ग १४३५ वर उभा राहतोय. रुंदीतला हा फरक किती महाग पडतो, ते २०२२ मध्ये १५२० च्याच रुळांवरून आलेलं युक्रेनचं धान्य पोलंडच्या सीमेवर तुंबलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

हे सांधे जुळले की काय घडतं, ते बघायचं तर स्वित्झर्लंडला जावं. झुरिकच्या मुख्य स्टेशनावर मिनिटकाटा बाराकडे सरकू लागला की चारी दिशांनी गाड्या एकामागून एक आत येतात. लोक उतरतात, समोरच्या फलाटावर जातात, दुसऱ्या गाडीत बसतात. तास भरला की काही मिनिटांत त्याच गाड्या बाहेर पडतात. दर तासाला हेच.

यामागचं गणित फार देखणं आहे. समजा, एका मार्गावर दोन्ही दिशांनी तासाला एक गाडी आहे आणि वेळापत्रक आरशातल्यासारखं सममित आहे. मग कुठल्याही गाडीला समोरून येणारी गाडी बरोबर दर अर्ध्या तासाने भेटते. ही भेट माळरानावर न होता मोठ्या स्टेशनात व्हावी, असं वाटत असेल तर दोन स्टेशनांमधला प्रवास ३०, ६० किंवा ९० मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळात व्हायला हवा. झुरिक-बर्नला तासापेक्षा जरा जास्त लागायचा. ती थोडी मिनिटं सगळी जुळणी बिघडवत होती. म्हणून स्विस लोकांनी आधी वेळापत्रक आखलं आणि मग त्याला लागेल तेवढाच मार्ग बांधला. माटश्टेटन ते रोथ्रिस्ट ४५ किलोमीटरचा नवा पट्टा, ताशी २०० चा वेग आणि प्रवास तासाच्या आत. तो ४५ मिनिटांवर आणून उपयोग नव्हता, कारण पुढची गाडी त्याच वेळेला सुटणार होती. १९८७ मध्ये मतदारांनी या योजनेला कौल दिला आणि १२ डिसेंबर २००४ ला देशाचं वेळापत्रक एका रात्रीत बदललं.

मालवाहतुकीतही त्यांनी असाच धीर धरला. आल्प्समधून आरपार जाणारा माल रेल्वेवर न्यायचा, असा कौल १९९४ च्या जनमताने दिला. २००१ पासून जड ट्रकांना अंतर आणि वजनाप्रमाणे शुल्क लागलं. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा गोटहार्ड तळबोगदा खुला झाला, त्यामुळे मालगाडीला गोटहार्डचा डोंगर चढायची गरज उरली नाही. आज स्विस आल्प्स ओलांडणारा बहुतांश माल रेल्वेने जातो. पण या बोगद्याच्या उत्तरेची वाट जर्मनीतून येते. तिथे चार रूळ करायचं १९९६ मध्ये ठरलं होतं, ते २०४० च्या आधी पुरं होत नाही. राश्टाटचा तो खचलेला बोगदा याच कामाचा तुकडा होता.

२०२४ मध्ये युनियनने वाहतूक जाळ्याचा कायदा नव्याने केला. मुख्य जाळं २०३० पर्यंत, त्याचा विस्तार २०४० पर्यंत, बाकी सगळं २०५० पर्यंत. मालगाड्या ७४० मीटर लांबीच्या धावू शकतील आणि ट्रकचे उंच ट्रेलर रेल्वेच्या डब्यावर चढून बोगद्यांतून जातील, अशा अटी त्यात आहेत. चारशेहून अधिक शहरांनी आपले स्वच्छ वाहतुकीचे आराखडे करायचे आहेत. अटी चांगल्या आहेत. तारखांवर माझा तितका भरवसा नाही.

ट्रक तरीही राहणारच, कारण प्रत्येक गोदामापर्यंत रूळ जात नाहीत. इथे मात्र दोन आकडे छान जुळतात. युरोपच्या नियमानुसार ट्रकचालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. साडेचार तासांत ट्रक साधारण ३५० किलोमीटर जातो आणि तेवढ्याला चारशे ते साडेचारशे युनिट वीज लागते. ती पाऊण तासात भरायची तर चार्जरची ताकद सहाशे किलोवॅटच्या आसपास हवी. मेगावॅटचे नवे चार्जर याच हिशेबात बसतात. मुख्य महामार्गांवर २०३० पर्यंत दर ६० किलोमीटरला ट्रकसाठी ३६०० किलोवॅटची सोय करायची आहे. म्हणजे एका वेळी पाच-सहा ट्रक. चालकाची चहा-कॉफी होईतो बॅटरी भरते.

रेल्वेच्या यार्डात मात्र अजून एक सांधा अक्षरशः हाताने जुळवला जातो. युरोपातल्या बहुतेक मालगाड्यांमध्ये दोन डब्यांना जोडतो तो एकोणिसाव्या शतकातला हूक आणि स्क्रू. कामगार वाकून दोन बफरच्या, म्हणजे डब्यांच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या दांड्यांच्या, मधल्या जागेत शिरतो, जड कडी उचलून समोरच्या डब्याच्या हुकात अडकवतो, स्क्रू फिरवून आवळतो, ब्रेकची हवेची नळी जोडतो आणि बाहेर येतो. मग पुढचा डबा. अमेरिकेने १८९३ च्या कायद्याने हे काम आपोआप जुळणाऱ्या कपलरवर सोपवलं. युरोपात आता त्याच्याही पुढचा कपलर तपासला जातोय, जो हवा, वीज आणि माहिती एकाच झटक्यात जोडेल. अडचण एकच. नवा कपलर जुन्या हुकाला थेट जुळत नाही आणि डबे देशादेशांतून फिरत असतात, म्हणून चार-पाच लाख डबे जवळपास एकाच वेळी बदलावे लागतील. ती तारीख अजून ठरलेली नाही. तोवर पावसात, बर्फात, रात्री अडीच वाजता तो कामगार बफरखालून वाकून आत शिरत राहील.