पट्टेरी अंगाचा काई

काई या जपानी शिकारी कुत्र्याच्या जातीचं पिल्लू जन्मतं तेव्हा जवळजवळ काळंच असतं. तांबूस पट्टे नंतर उमटतात आणि रंग पुरता बसायला कधी कधी काही वर्षं जातात. तेव्हा पिल्लाचे पट्टे पुढे कसे दिसतील हे छातीठोक सांगणाऱ्यावर फार विसंबू नये.

हा खेळ दोन रंगद्रव्यांचा आहे, एक काळं आणि एक लालसर-पिवळं. रंगपेशीवरच्या ठरावीक रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, बीटा-डिफेन्सिन हे प्रथिन चिकटलं की केस काळा होतो. अगूटी नावाचं प्रथिन चिकटलं की लालसर. पट्टेरी कुत्र्याच्या कातडीवर काही भागांत पहिल्याची सरशी होते, काही भागांत दुसऱ्याची. गंमत म्हणजे डिफेन्सिन हे मुळात जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचं घराणं. त्यातलंच एक कुत्र्यांच्या रंगातही हात घालतं, हे २००७ मध्ये उजेडात आलं.

जपानात फुजी पर्वताच्या उत्तरेचा यामानाशी प्रांत हा काईचा मुलूख. सगळा डोंगरदऱ्यांचा. आपला कारवानी कुत्रा उघड्या माळावर सावज नजरेनं हेरतो आणि वेगानं गाठतो. काईला तशी मोकळी जागाच नव्हती. खड्या चढणीवर, दाट झाडीत रानडुक्कर किंवा हरणाचा माग काढायचा आणि शिकारी पोचेपर्यंत भुंकून त्याला अडवून धरायचं, हे त्याचं काम. खांद्यापाशी उंची जेमतेम ४० ते ५० सेंटिमीटर, पण मागचे पाय भलतेच दमदार. १९३४ मध्ये जपान सरकारनं या जातीला 'नैसर्गिक स्मारक' म्हणून संरक्षण दिलं.

घरात तो शांत असतो आणि माणसांना जीव लावतो. बाहेर मात्र मांजर पळताना दिसलं की हाका ऐकू येत नाहीत, म्हणून उघड्यावर पट्टा सोडू नये. अंगणाचं कुंपणही उंच हवं, कारण हा गडी चढण्यात पटाईत. पिल्लूपणीच अनोळखी माणसं आणि इतर कुत्र्यांची सवय लावावी. नुसतं चालवून तो दमत नाही. वास घेत रेंगाळू द्यावं, लपवलेला खाऊ शोधायला लावावा.

केसांचे थर दोन, वरचा राठ आणि आतला मऊ. एरवी आठवड्यातून एकदा-दोनदा ब्रश पुरतो, केस गळण्याच्या हंगामात तो रोज फिरवावा. कुत्र्याचं अंग मुख्यतः धापा टाकून ओलावा उडाला की थंड होतं, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो नीट उडत नाही. इथे कुणी काई पाळलाच, तर फिरणं पहाटे उरकावं आणि उकाड्याच्या नावाखाली त्याचे केस भादरू नयेत. उन्हापासून कातडीचा बचाव तेच करतात.