लेगोचे अनेकवचन

लेगो या डॅनिश खेळण्याच्या नावाचे अनेकवचन कसे करावे, याविषयी इंग्रजीत जुना वाद आहे. हे खेळणे मराठी घरांत आले तसा तो वादही आला. मात्र मराठीत त्याचा पेच निराळा आहे. ठाण्यात 'दोन लेगो', 'दोन लेगोज' आणि 'लेगोचे दोन ठोकळे' ही तिन्ही रूपे ऐकू येतात, पुष्कळदा एकाच घरात. नौपाड्यातल्या किंवा चरईतल्या घरी आजी 'ठोकळे' म्हणते, आई 'लेगोज' म्हणते आणि ज्याचे ते खेळणे असते तो मुलगा नुसते 'लेगो' म्हणतो. या नोंदीत त्या मुलाचीच बाजू घेतली आहे, कारण व्याकरण त्याच्या बाजूने आहे.

डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले कर्क ख्रिस्तियानसन या सुताराने 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 1934 मध्ये त्याने आपल्या कारखान्याला नाव दिले ते 'छान खेळ' अशा अर्थाच्या 'leg godt' या दोन डॅनिश शब्दांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून. म्हणजे मुळात हे एक छोटेसे आज्ञार्थी वाक्यच आहे. त्याला वचन नव्हतेच. प्लॅस्टिकचे एकात एक बसणारे ठोकळे 1949 पासून निघू लागले. आज घरोघरी दिसतो तो पोटात नळ्या असलेला, घट्ट धरून राहणारा ठोकळा 28 जानेवारी 1958 रोजी पेटंटसाठी नोंदवला गेला. वर आठ बोंडे असलेले, एकाच रंगाचे नुसते सहा ठोकळे घेतले तरी ते 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. हा आकडा इतका मोठा आहे की तो लिहिताना हात चुकतो.

खुद्द डॅनिश बोलणाऱ्यांना अनेकवचनाची अडचण पडत नाही. ते 'लेगो' या नावापुढे ठोकळ्याचा डॅनिश शब्द जोडतात आणि अनेकवचनाचा प्रत्यय त्या शब्दाला लावतात. जर्मन लोकही तसेच करतात. वाद आहे तो इंग्रजीत. अमेरिकेत 'लेगोज' हे रूप सर्रास चालते. ब्रिटनमध्ये मात्र ते कानाला खटकते. तिथे 'लेगो' हा शब्द आपल्या साखरेसारखा, मोजता न येणाऱ्या वस्तूचा मानतात. कंपनीला दोन्ही रूपे मान्य नाहीत. तिच्या मते हे नाव विशेषण म्हणूनच वापरावे, म्हणजे 'लेगो ठोकळे', 'लेगो संच'. एके काळी तिने तशी विनंती आपल्या माहितीपत्रकांतूनही छापली होती.

या आग्रहामागे व्याकरणापेक्षा कायदा अधिक आहे. व्यापारचिन्ह सामान्यनाम होऊन बसले की त्यावरचा हक्क जाऊ शकतो. सरकत्या जिन्याचे 'एस्कलेटर' हे नाव अमेरिकेत 1950 मध्ये असेच सर्वांचे झाले. लेगोच्या बाबतीत तर धास्ती दुहेरी. पेटंटची मुदत संपल्यावर तसाच ठोकळा कोणीही बनवू लागले. ठोकळ्याचा आकार हेच आमचे चिन्ह, असा दावा कंपनीने केला, पण तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात 2005 मध्ये आणि युरोपीय महासंघाच्या न्यायालयात 2010 मध्ये टिकला नाही. आकार हातचा गेल्यावर राखण्यासारखे उरले ते नाव. आपल्याकडे कोर्ट नाक्यावर 'दोन झेरॉक्स काढा' म्हणताना कोणाच्या मनात कंपनी येत नाही, आणि वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणणाऱ्या पिढीच्याही येत नसे. लेगोचे तेच होत आहे. कोणत्याही कंपनीचा, एकात एक बसणारा ठोकळा असला की मुले त्याला लेगोच म्हणतात.

मराठीतला पेच शेवटच्या 'ओ'मुळे पडतो. ईकारान्त स्त्रीलिंगी नाम आले की मराठी क्षणभरही अडत नाही. एका मुलीकडे तीन बाहुल्या असल्या तर ती सरळ 'माझ्या तीन बार्ब्या' म्हणते. हे तिला कोणी शिकवलेले नसते. नदी-नद्या, गाडी-गाड्या, कंपनी-कंपन्या, त्यातलीच ही बार्बी. पण ओकारान्त नामे मराठीत मुळातच थोडी. नेहमीच्या वापरातले 'बायको' हे एक, आणि त्याचे 'बायका' होते. त्या चालीवर 'लेगा' कोणी म्हणणार नाही. मग चाल घ्यायची कोणाची?

ती बाहेरून आलेल्या ओकारान्त शब्दांनीच घालून दिली आहे. फोटो, रेडिओ, किलो हे सगळे पुल्लिंगी झाले आणि अनेकवचनात जसेच्या तसे राहिले, जसे लाडू राहतात. यातला सर्वांत बोलका शब्द 'टेम्पो'. तोही मूळचा एका कंपनीचाच शब्द, जर्मन मालगाड्यांचे नाव. 1958 मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोमुळे तो आपल्याकडे रुळला आणि पुढे कोणत्याही लहान मालगाडीचे नाव झाला. जांभळी नाक्यावर सकाळी माल उतरवणारा हमाल 'दोन टेम्पो आलेत' म्हणतो, 'टेम्पोज' म्हणत नाही. एक की अनेक, हे 'आलाय' आणि 'आलेत' यांतून कळतेच. विभक्ती लागली की 'टेम्पोची रांग' नव्हे, 'टेम्पोंची रांग' होते. तो एक अनुस्वार अनेकवचनाचे सगळे काम करतो. लेगोचेही तसेच व्हावे: एक लेगो, चार लेगो, लेगोंचा ढीग.

'लेगोज' म्हणणाऱ्यांची चूक काढण्याचा इथे हेतू नाही. तिकिटे, फायली, पेन्सिली, बटणे हे शब्द मराठीत आले आणि मराठी प्रत्यय लेवून वावरू लागले. नंतरचे फ्लॅट्स, मॉल्स, ड्रेसेस मात्र इंग्रजी अनेकवचनासकट आले. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत मुले शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी आणि घरी मराठी बोलतात. तिथे 'लेगोज' येणे स्वाभाविक आहे. पण या रूपाने नुकसान होते. बाहेरचा 'ज' मराठीत आला की लवकरच बहिरा होतो. 'एक शूज सापडत नाही' हे वाक्य आपण रोज ऐकतो. 'हॉट व्हील्स' या छोट्या मोटारींचेही तसेच, 'मला एक हॉट व्हील्स दे'. 'एक लेगोज' हे रूपही कानावर येऊ लागले आहे. शिवाय 'लेगोजचा डबा' म्हटले की मराठीचा तो अनुस्वार बसायला जागाच राहत नाही. अनेकवचन दाखवायला आणलेल्या प्रत्ययाने अनेकवचनाची खूणच पुसली जाते, याचे वाईट वाटते.

मोजता येणारे की न येणारे, या इंग्रजी भांडणाचे उत्तरही मराठी स्वयंपाकघरात तयार आहे. बाजारात 'तांदूळ महागला', पण ओट्यावर 'तांदूळ सांडले'. पहिल्या वाक्यात जिन्नस आहे, दुसऱ्यात दाणे आहेत; शब्द तोच राहतो, क्रियापद बदलते.

मुले लेगोच्या बाबतीत हेच करतात आणि त्यात लिंगाचाही उपयोग करून घेतात. रात्री जेवणे आटोपल्यावर दिवाणखान्यात सतरंजीवर सगळे पसरलेले असते. आई म्हणते, "अरे, ते आवर आता." मुलगा म्हणतो, "आई, माझं लेगो डब्यात भरलंय, फक्त दोन लेगो सापडत नाहीयेत. चाकाचे." इथे 'माझं लेगो' नपुंसकलिंगी एकवचन आहे, कारण मनात 'खेळणं' आहे, संपूर्ण संच आहे. 'दोन लेगो' पुल्लिंगी अनेकवचन, कारण मनात 'ठोकळा' आहे. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठलेल्या आजीच्या तळपायाला त्यातला एक टोचतो आणि ती म्हणते, "हा बघ, सापडला तुझा लेगो." एरवी 'ठोकळे' म्हणणारी आजीही इथे 'लेगो टोचला, सापडला' असे पुल्लिंगीच बोलते. मग दोघे मिळून दुसरा शोधतात, आणि तो सोफ्याखाली निघतो.